जीवनसत्त्वाची स्फटिकरचना कशी वाचावी
प्रथम रेणूचा आकार पाहावा आणि मगच हायड्रोजन बंधात (रेणूंना एकमेकांशी बांधणाऱ्या आकर्षणात) हायड्रोजन देणारे व स्वीकारणारे अणू मोजावेत. निॲसिनचा (ब-३ जीवनसत्त्वाचा) रेणू जवळजवळ सपाट असतो. त्याच्या कार्बॉक्सिल (-COOH) गटातील हायड्रोजन शेजारच्या रेणूच्या वलयातील नायट्रोजनशी बंध जोडतो आणि रेणूंच्या साखळ्या तयार होतात. कार्बॉक्सिल गट दिसताच आम्लांच्या जोड्या (दोन रेणूंचे कार्बॉक्सिल गट एकमेकांशी बांधलेले) गृहीत धरण्याचा मोह होतो, तो इथे कटाक्षाने टाळावा. क जीवनसत्त्वातील चार हायड्रॉक्सिल (-OH) गटांमुळे बंधांचे जाळे पसरते आणि स्फटिक सुमारे १९० अंश सेल्सिअसपर्यंत टिकतो. एकच हायड्रॉक्सिल गट असलेले रेटिनॉल (अ जीवनसत्त्व) मात्र ६०–६५ अंशांच्या आसपासच वितळते. त्यानंतर अंतरे तपासावीत: दोन ऑक्सिजन अणूंमधील अंतर २.५ ते ३ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटीमीटरचा दहा कोटींवा भाग) आणि मधल्या हायड्रोजनपाशी होणारा कोन सरळ रेषेजवळचा असेल, तरच बंध भक्कम मानावा.