वर्गातली कोंदलेली हवा बाहेर कशी काढायची

'वर्गात हवा खेळती ठेवावी' हे वाक्य शाळेत येणाऱ्या प्रत्येक सूचनापत्रात असतं. कशी ठेवावी, ते कुणी लिहीत नाही. मग कुणी देणगीदार एअर प्युरिफायर देतो, कुणी खिडकीत मनीप्लँटच्या बाटल्या लावतो. बाटलीतल्या चार पानांनी पन्नास पोरांच्या वर्गातली हवा सुधारत नाही. आणि प्युरिफायर धूळ-धूर पकडतो, पण श्वासातून बाहेर पडलेला कार्बन डायऑक्साइड त्याच्या फिल्टरला अडत नाही. छताचा पंखासुद्धा आहे तीच हवा गरागरा फिरवतो. बाहेरची हवा आत आली पाहिजे आणि आतली बाहेर गेली पाहिजे, सगळं काम एवढंच आहे.

आधी आकडा बघा

कार्बन डायऑक्साइडचा मीटर घ्या, एक सगळ्या शाळेला पुरतो. खोक्यावर 'एनडीआयआर' सेन्सर, म्हणजे इन्फ्रारेड प्रकाशानं हाच वायू मोजणारा, असं लिहिलेलं नसेल तर घेऊ नका. स्वस्तातले मीटर वासाच्या सेन्सरवरून अंदाज मारतात, एखाद्या पोरानं हाताला सॅनिटायझर चोळला तरी आकडा टुणकन वर जातो. मीटर आधी मैदानात ठेवा. मोकळ्या हवेत आकडा साधारण ४२० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग) आसपास आला पाहिजे. मग वर्गात, बसलेल्या पोरांच्या डोक्याच्या उंचीवर, पण कुणाच्या तोंडासमोर नाही आणि खिडकीतही नाही. तास संपताना वाचा. सुरुवातीचा आकडा नेहमीच गोड दिसतो. हजाराच्या आत असेल तर वर्गाला हात लावू नका. दीड हजाराच्या वर गेला की शेवटच्या बाकावरच्या जांभयांचा दोष गणिताला देऊ नका. हा वायू एवढ्यानं विषारी ठरत नाही, पण एकमेकांनी सोडलेली किती हवा आपण पुन्हा आत ओढतोय ते तो सांगतो. सर्दी-खोकला त्याच वाटेनं फिरतो.

किरकोळ कामं

खिडकीसमोरची कपाटं हलवा. वरच्या झरोक्यांत कोंबलेली वर्तमानपत्रं काढा. झाडू सकाळी नको, शाळा सुटल्यावर, आणि फरशी ओल्या फडक्यानं पुसायची. डस्टर वर्गाच्या भिंतीवर आपटायचा नाही. पोषण आहार चुलीवर शिजत असेल तर त्या बाजूच्या वर्गाची खिडकी स्वयंपाक होईपर्यंत बंद. बाकांना ऑइलपेंट मे महिन्याच्या सुरुवातीला द्या. जूनच्या मध्याला शाळा भरते आणि रंगारी दहा तारखेला उगवतो, मग पहिला आठवडा पोरं त्या वासात बसतात. ओल आलेल्या भिंतीवर डिस्टेंपर मारून बुरशी जात नाही, आधी वरची गळती काढा.

पावसाळा आणि एक्झॉस्ट पंखा

खरं कोडं इथं आहे, आणि माझाही सगळ्यात जास्त वेळ इथंच गेला. उन्हाळ्यात समोरासमोरच्या खिडक्या उघडल्या की काम भागतं. कोल्हापूरचा पाऊस मात्र पश्चिमेकडून तिरका येतो. झड आत आली, वह्या भिजल्या, की बाई खिडक्या लावून घेतात, आणि त्यांचं चुकतं असंही नाही. त्या बंद खोलीत ओले रेनकोट टांगलेले असतात. म्हणून आतली हवा बाहेर फेकणारा एक्झॉस्ट पंखा लागतो.

पण तो बहुतेक ठिकाणी चुकीच्या भिंतीत बसवतात. वायरिंग जवळ पडतं म्हणून इलेक्ट्रिशियन पश्चिमेची भिंत सुचवेल, ऐकू नका. समोरून वारा दाबत असताना पंखा हवा ढकलत राहतो, वर पाण्याचे शिंतोडे त्याच भोकातून आत. पंखा वाऱ्याच्या आडोशाला, म्हणजे बहुधा पूर्वेच्या भिंतीत, छताच्या जितका जवळ बसेल तितका वर. हवा आत घ्यायची समोरच्या बाजूनं. व्हरांडा पश्चिमेला असेल तर नशीब, झड व्हरांड्यातच थांबते, तिकडचं दार आणि खिडक्या सताड उघडी ठेवा. व्हरांडा पूर्वेला असेल तर पश्चिमेच्या खिडक्यांची खालची झडप बंद आणि छज्जाखालची वरची उघडी. वरची झडप वेगळी उघडत नसेल तर तिथं तिरक्या पट्ट्यांची जाळी बसवून घ्या. हा खर्च टाळलात तर पंखा शोभेचा.

दुसरी गोष्ट हमखास बिघडते. पंखा चालू, त्याच्या शेजारची खिडकीही उघडी, आणि मुख्याध्यापक म्हणतात, 'दोन्ही चालू आहे की, आणि काय पाहिजे?' त्या खिडकीतून आलेली हवा पंखा तिथल्या तिथं बाहेर फेकतो. मागच्या कोपऱ्यातल्या पोराला तिचा वारासुद्धा लागत नाही. पंख्याच्या भिंतीतल्या खिडक्या पंखा चालू असताना बंदच हव्यात. खात्री करायला उदबत्ती पेटवून पंख्यापासून सगळ्यात लांबच्या बाकावर धरा. धूर सरळ वर जाऊन रेंगाळला तर वाट चुकली आहे. खोलीभर आडवा होत पंख्याकडे ओढला गेला तर जमलं. ही परीक्षा छताचे पंखे बंद करूनच घ्या.

आकाराचा हिशोब सोपा आहे. आठ मीटर लांब, सहा रुंद, तीन उंच खोली म्हणजे १४४ घनमीटर. तासाला सहा वेळा हवा बदलायची तर ८६४ घनमीटर. पंख्याच्या खोक्यावर छापलेला आकडा मोकळ्या हवेतला असतो, जाळी आणि झडपेतून तेवढी हवा निघत नाही, म्हणून दीडपट धरा. आणि १४०० आरपीएमचा पंखा वर्गात नको, ९००चाच घ्या, पाती मोठी असली तरी चालतील. आवाज करणारा पंखा शिकवताना पहिल्या पाच मिनिटांत बंद होतो.

गुऱ्हाळाचे दिवस

दिवाळीनंतर उलटं. चुलवाणात चिपाडं जळत असतात, ऊस तुटला की कुठंतरी पाचट पेटतं, आणि थंडीत पहाटेचा धूर जमिनीलगत बसून राहतो. केंद्राच्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात कोल्हापूरचं नाव उगीच नाही. सकाळच्या शाळेत धुराच्या बाजूच्या खिडक्या लावा, दुसऱ्या बाजूच्या उघड्या ठेवा, ऊन चढून धूर विरला की सगळ्या उघडा. प्युरिफायर पडून असेल तर तो इथं कामाचा, मात्र वर्गाच्या मापाचा हवा आणि फिल्टर वेळेवर बदलायला हवा. शाळेच्या मागं कचरा पेटवणं मात्र आधी थांबवा, त्याला मशिनही लागत नाही.

खिडक्यांची उघडझाप वर्गाच्या मॉनिटरकडे द्या, सरांच्या आठवणीवर ठेवू नका. कुठल्या ऋतूत कुठली झडप, ते खडूनं खिडकीच्या चौकटीवरच लिहून टाका. पंख्याची बाहेरची झडप गंजून अडकते आणि आतून कळत नाही. मे आणि दिवाळीच्या सुट्टीत पंखा उतरवून पाती साबणाच्या पाण्यानं पुसा, झडपेच्या बिजागरीत तेलाचे दोन थेंब सोडा, आणि परत बसवल्यावर उदबत्ती पुन्हा लावून बघा.