अंटार्क्टिकात बर्फाचा बोर कसा मारायचा
सोलापुरात बोरची गाडी आली की हवेच्या प्रेशरने दगडाचा चुरा उडवतात आणि पाणी लागलं का एवढंच बघतात, अंटार्क्टिकात तसं चालत नाय बघा, तिथं बर्फाचा अख्खा गाभा, म्हणजे चुरा न होता निघालेला लांब गोल दांडा, पायजे. म्हणून केबलला पोकळ ड्रिल लटकवून गोल कापत जायचं, दोन-तीन मीटरचा तुकडा भरला की वर ओढा, परत खाली सोडा, लई कंटाळवाणं काम. खोल गेलं की दाबाने भोक मिटायला लागतं, मग त्यात न गोठणारं, साधारण बर्फाइतक्याच घनतेचं लिक्विड भरून ठेवायचं, इथं कंजूषी नको. मधल्या खोलीतला बर्फ ठिसूळ, वर आणला की तडकतो, लगेच कापू नका, थंडीतच काही महिने पडू द्या. अंटार्क्टिकातल्या डोम सी या ठिकाणी असंच ३२०० मीटरच्या पुढं जाऊन बर्फात अडकलेली ८ लाख वर्षांपूर्वीची हवा मिळाली.