लांबच्या युद्धात बाजू घ्यायची तर

सावद्याला आमचं केळीचं पॅकहाऊस आहे. एकीकडे फण्या धुऊन बॉक्स भरणं चालू असतं आणि चहाला बसलं की गाझा, युक्रेन, इराण सगळं निघतं. पोरं दोन मिनिटांत बाजू घेऊन मोकळी होतात. घ्यावी की, मी नाही म्हणत नाही. पण जिथे माणसं मरतायत तिथे बाजू घेतली की थोडा हिशेब आपल्याही खात्यावर चढतो.

आधी स्वतःचा स्वार्थ उघड करा. आमचा माल इराण, ओमान, दुबईकडे जातो. आखातात पेटलं की कंटेनर अडकतो, भाव तुटतो आणि सगळी मंडळी एकदम शांततेची भाषा बोलू लागतात. ती भावाची काळजी झाली. करावी खुशाल, फक्त तिला न्यायाचं नाव देऊ नये. कुणाचा भाचा तिकडे नोकरीला असेल, कुणाचा धर्म त्यात गुंतला असेल, तर तेही आधीच सांगून टाकावं.

मग दोन प्रश्न वेगवेगळे विचारा: भांडणात खरं कुणाचं, आणि ते लढतायत कसे? 24 फेब्रुवारी 2022 ला रशियाने युक्रेनमध्ये सैन्य घुसवलं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे अवघड वाटत नाही. तरी उद्या युक्रेनच्या सैनिकाने कैद्याला छळलं तर ते माफ होत नाही. शस्त्र टाकलेला, जखमी, कैदी, साधा नागरिक यांना हात लावायचा नाही, हे 1949 च्या जिनिव्हा करारांत आहे, आणि तुमची बाजू खरी म्हणून त्यात सूट मिळत नाही. 7 ऑक्टोबर 2023 ला हमासच्या हल्ल्यात सुमारे 1200 माणसं मेली, अडीचशेच्या आसपास ओलीस नेली. नंतर इस्रायलच्या हल्ल्यांत गाझात हजारो मेले, त्यात बायका-लेकरं ढिगाने. ही वाक्यं मध्ये ‘पण’ न घालता म्हणता येत असतील तर पुढे बोला.

‘आपण बुवा कुणाच्याच बाजूचे नाही’ म्हणणारेही असतात. बलराम असाच तीर्थयात्रेला निघून गेला. परतला तो शेवटच्या गदायुद्धाला, आणि भीमाने मांडीवर गदा मारली म्हणून नांगर उचलून धावला. अहो, अठरा दिवस कुठे होतात? विकर्ण भरसभेत द्रौपदीच्या बाजूने बोलला, पण लढला कौरवांकडूनच. मला युयुत्सू पटतो. धृतराष्ट्राचाच मुलगा, पण लढाई सुरू होण्याआधी सगळ्यांदेखत पांडवांकडे गेला.

सगळ्यात जपायचं ते मोबाईलला. 1 जुलै 2018, साक्री तालुक्यातलं राईनपाडा, आठवडे बाजाराचा दिवस. पोरं पळवणारी टोळी फिरतेय असे मेसेज आधीपासून फिरत होते. भिक्षा मागायला आलेले डवरी गोसावी समाजाचे पाच जण जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारले. मेसेज पुढे ढकलणारे त्या वेळी आपापल्या शेतात, दुकानात असतील. त्यांनी दगड उचलला नाही. आपल्या लेकरांची बाजू घेतोय असंच त्यांना वाटत होतं. म्हणून व्हिडिओ कुठला, कधीचा, हे कळेपर्यंत बोट आवरा. प्रेताचा फोटो आला तर पुढे पाठवूच नका. तो बहुतेक वेळा माणसं पेटवायलाच धाडलेला असतो.

आपल्या बाजूने वाईट केलं तर ते आपल्याच कट्ट्यावर, आपल्या माणसांसमोर बोला. समोरच्या गटात बोललात तर टाळ्या मिळतील, आणि तुमची माणसं ऐकायची तेवढी बंद होतील.

आणि बाजू घेणं म्हणजे मारणाऱ्याचं कौतुक करणं, हे डोक्यातून काढा. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलायचे, साने गुरुजी लिहून घ्यायचे. विषय रणांगणावरचा, आणि ऐकणाऱ्यांत सत्याग्रही बसलेले. साम्राज्याविरुद्ध त्यांनी बाजू घेतलीच होती, तुरुंग त्यासाठीच भोगत होते. हातात शस्त्र नव्हतं एवढंच.

राहिला पैसा. जखमींसाठी, निर्वासितांसाठी द्यायचा तर नोंदणी असलेल्या संस्थेला, बँकेतून द्या. ग्रुपवर नुसता क्यूआर कोड टाकून ‘आपल्या लोकांसाठी’ मागणाऱ्याला आधी विचारा, औषधं घेणार की आणखी काही? पावती देत नसेल तर आमच्याकडे त्याला चहा मिळतो, पैसे नाही.