हलके इंजिन बसवताना गुरुत्वमध्य सांभाळा

घरी बांधलेल्या हलक्या विमानात मूळ आराखड्यापेक्षा लहान इंजिन बसवताना बहुतेकांचे लक्ष अश्वशक्तीकडे जाते. परंतु पहिला हिशेब गुरुत्वमध्याचा, म्हणजे ज्या बिंदूवर विमानाचा तोल साधतो त्याचा, करावा, कारण नाकाचे वजन घटले की तो मागे सरकतो आणि विमान स्टॉल (पंखांची उचल अचानक घटणे) किंवा स्पिनमधून (गिरक्या घेत कोसळण्यातून) सावरणे अवघड होते. समजा, १०० किलोचे इंजिन गुरुत्वमध्याच्या १.२ मीटर पुढे होते. तेवढाच आघूर्ण (वजन गुणिले अंतर) ८० किलोच्या इंजिनाने साधायचा तर ते १.५ मीटर पुढे, म्हणजे ३० सेंटिमीटर अधिक पुढे न्यावे लागेल. इतके लांब नाक दिसायला विचित्र असतेच, शिवाय दिशास्थैर्यही कमी करते. त्यापेक्षा गुरुत्वमध्याच्या २ मीटर मागे असलेली ८ किलोची बॅटरी त्याच्या अर्धा मीटर पुढे, फायरवॉलपाशी (इंजिनामागील आगरोधक भिंतीपाशी) आणल्यास आघूर्णातील २४ (२० किलो गुणिले १.२ मीटर) पैकी २० किलो-मीटरची तूट भरून निघते आणि इंजिन माउंट (इंजिन धरून ठेवणारा सांगाडा) केवळ ५ सेंटिमीटर वाढवून भागते. वाढवलेल्या माउंटची मजबुती मात्र जाणकाराकडून तपासून घ्यावी. प्रोपेलर नव्या इंजिनाला जुळणाराच निवडावा. चढाईचा वेग उरलेल्या जादा शक्तीवर अवलंबून असल्याने, अश्वशक्ती २० टक्के घटल्यास तो त्याहून बराच जास्त घटतो. काम संपल्यावर विमान प्रत्यक्ष काट्यावर तोलावे. कागदावरील बेरीज पुरेशी मानू नये.