ब्रुजला एका दिवसात जाऊन यायची तयारी (मोजे घ्या)

मागच्या ऑक्टोबरात आई-बाबा नाशिकहून आले होते तेव्हा मोठ्या हौसेने त्यांना बेल्जियममधलं ब्रुज हे जुनं गाव दाखवायला नेलं आणि दुपारी अडीचला आम्ही सगळे परत स्टेशनवर. बोट झाली नाही, मनोरा झाला नाही, मायकेलअँजेलोची मूर्ती झाली नाही. का, तर ओले मोजे. आता मावशी आणि काका यायचेत, त्यांना ब्रसेल्सहून ट्रेनने न्यायचंय, म्हणून बसून लिहून काढतेय. आकडे टाकून यादी करायचा मला कंटाळा आहे, जसं आठवेल तसं.

पासपोर्ट, फोन, चार्जर, रोजच्या गोळ्या हे सांगायला नको. इतकी वर्षं प्रवास करताय, घ्यालच.

मोजे. माणशी एक जास्तीची जोडी, कोरडी, झिपलॉकच्या पिशवीत बंद करून. मागच्या वेळी मी काय काय घेतलं होतं ऐका: चार रेनकोट, तीन छत्र्या, बाबांची बीपीची गोळी, आईचा चहाचा थर्मास, चिवडा, भाजीपोळीचे रोल, दोन पॉवरबँक. मोजे नाहीत. जुन्या गावातले रस्ते दगड ठोकून केलेले आहेत आणि त्यातला एखादा सैल असतो, बघून कळत नाही, तुम्ही पाय ठेवलात की तो एका अंगाला कलतो आणि खाली साठलेल्या पाण्याची चिळकांडी थेट बुटात. वरचा पाऊस छत्री अडवेल हो, खालचा कोण अडवणार? अकराच्या आत आमच्या चौघांचे पाय ओले. आई एका कॉफीच्या दुकानात खुर्चीवर पाय वर घेऊन बसली, मुलगा भोकाड पसरून, बाबा गप्प (ते जास्त वाईट), आणि नवरा गेला मोजे शोधायला. गावाच्या मधल्या भागात साधे मोजे सापडेनात त्याला. तो घेऊन आला वॉफलची चित्रं छापलेले, टुरिस्टांना विकायचे, चार जोड्या, आणि किती पैसे गेले हे मला त्याने अजून नीट सांगितलेलं नाहीये. पाचच मिनिटांत तेही ओले. कारण बूट ओलेच होते ना!

म्हणून मोज्यांबरोबर माणशी दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यासुद्धा, ब्रेड येतो त्या मस्त बसतात. कोरडा मोजा, त्यावर पिशवी, मग ओला बूट. दिसायला बावळट दिसतं, चालताना चरचर आवाज येतो, पण पाय कोरडे राहतात. शिवाय एक जुनं वर्तमानपत्र, जेवायला बसलात की बुटात कोंबून ठेवायचं. आणि सगळ्यांचे मोजे एकाच्या बॅगेत ठेवू नका, आपापले आपल्याकडे.

बूट जुने, चालून चालून मऊ झालेले. नवे कोरे नको, टाच नको. मावशी, साडीवर चपला घालेन म्हणशील तर मी तुला स्टेशनबाहेर पडू देणार नाही. छत्रीपेक्षा रेनकोट बरा कारण वारा असतो, समुद्र जवळच आहे. आणि ॲपवर ऊन दाखवतंय म्हणून रेनकोट घरी ठेवायचा नाही, तिथे पावसाळा असा वेगळा नसतोच, बाराही महिने तो येऊन जाऊन असतो.

दिवस कुठला निवडायचा हे घरीच ठरवा. उन्हाळ्यातला ऊन पडलेला शनिवार-रविवार टाळा, कारण ब्रुजच्या बऱ्याच गाड्या पुढे ऑस्टेंडला समुद्रावर जातात आणि अख्खं ब्रसेल्स बादल्या-फावडी घेऊन त्याच डब्यात चढतं. नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्च सुरू होईपर्यंत बोटी साधारण बंद असतात, म्हणजे बोटीसाठी जाताय तर थंडीत जाऊच नका. म्युझियमना आठवड्यात एक दिवस सुट्टी असते पण सगळ्यांची एकाच वारी नसते, साईटवर बघून घ्या, आणि रविवारी सकाळी चर्चमध्ये प्रार्थना असते त्यामुळे मायकेलअँजेलोच्या मूर्तीचा भाग दुपारनंतरच उघडतो.

ट्रेन सोपी आहे. ब्रसेल्सहून थेट गाडी, तासाभरात पोचते, आरक्षण वगैरे नसतं, तिकीट त्या दिवसाचं असलं की कुठल्याही गाडीत बसा. पण तिकीट चढायच्या आधी काढा, गाडीत काढलं तर जास्त पैसे पडतात. वीकेंडची आणि ज्येष्ठांची सवलत बघा, नियम बदलत असतात. बोर्डावर नाव कधी फ्रेंच दिसेल कधी डच, डचमध्ये ब्रुग्गं लिहितात आणि म्हणतात ब्रुख्ख, काकांना आधीच सांगून ठेवायला हवं नाहीतर ते प्लॅटफॉर्मवर वाद घालतील. तिथली भाषा डच. ब्रसेल्सला राहून मोडकंतोडकं फ्रेंच शिकलात म्हणून तिथे पाजळू नका, सरळ इंग्रजी बोला. साडेनऊच्या आत पोचायचं, हे महत्त्वाचं आहे, कारण अकरा ते चार तिथे पाय ठेवायला जागा नसते, त्याच्या आधी आणि नंतर मात्र गाव खरंच तुमचं असतं.

स्टेशनवरून मार्क्टला, म्हणजे मुख्य चौकाला, चालत वीस मिनिटं. बस आहे, पण गुडघे बरे असतील तर चाला, कारण वाटेत मिन्नेवॉटर तळं आणि बेगाइनहोफ लागतं. तळ्यातल्या हंसांची गोष्ट मावशीला आवडेल: 1488 मध्ये गावाने लांखाल्स नावाच्या अधिकाऱ्याला मारलं, नावाचा अर्थ लांब मान, म्हणून शिक्षा म्हणे की गावाने कायम लांब मानेचे हंस पाळायचे. दंतकथाच आहे, पण हंस आहेत. बेगाइनहोफ 1245 सालचं, लग्न न करता, पण नन न होता, एकत्र राहणाऱ्या बायकांची वस्ती, पांढरी घरं आणि मध्ये उंच झाडं. आता तिथे नन राहतात. आत मोठ्याने बोलायचं नाही. व्हिडीओ कॉल तर नाहीच नाही, हे आमच्या घरात कोणाला उद्देशून आहे ते त्यांना कळेल. बाहेरच्या चौकात घोडागाड्या थांबतात, तिथे दगडात कोरलेलं घोड्याचं तोंड आहे, त्यातून पाणी पडतं आणि खरे घोडे तिथे पाणी प्यायला येतात. लहान मूल बरोबर असेल तर इथे दहा मिनिटं मोडणार हे धरूनच चाला. जमीन ओली असते. मोजे!

बोट सगळ्यात आधी उरकायची. साधारण दहाला सुरू होतात, पाच ठिकाणांहून सुटतात, फेरी तीच, अर्धा तास, त्यामुळे सगळ्यात सुंदर दिसणाऱ्या धक्क्यावरच उभं राहायचा हट्ट नको, जिथे रांग छोटी तिथे चढा. मार्चमध्ये थंडी आणि जुलैत ऊन, दोन्ही डोक्यावर, बोटी उघड्याच असतात. पूल इतके खाली आहेत की नावाडी सांगतो तेव्हा मान खाली घालावीच लागते. बाकावर बसायच्या आधी हाताने पुसून घ्या, रुमाल नको, जुना नॅपकिन न्या. रोख पैसे जवळ असू द्या. रोझनहुडकाय म्हणून जो कोपरा आहे, प्रत्येक पोस्टकार्डावर असतो तोच, तिथे फोटोची गर्दी असते, पण बोटीतून तो फुकटात आणि धक्काबुक्की न करता दिसतो.

मग मनोरा, बेल्फ्री. 83 मीटर, 366 पायऱ्या, लिफ्ट नाही. वर जाता जाता जिना अरुंद होत जातो आणि उतरणारे लोक त्याच जिन्यावर समोरून येतात. तिकीट वेळेचं असतं, ते आधी ऑनलाईन काढा, तिथे जाऊन मिळेल हा भ्रम आहे. गुडघेवाल्यांनी चढू नये, "हळूहळू येतो" म्हणू नये, मध्ये थांबलात तर मागे माणसं तुंबतात. त्यांनी खालच्या अंगणात बाकावर बसावं, वर 47 घंटा आहेत, वादनाचे दिवस-वेळा बघून गेलात तर अख्खी मैफल खाली बसून फुकट. आणि ओल्या मोज्यांनी 366 पायऱ्या चढता येत नाहीत, मी साठाव्या पायरीच्या आसपास नाद सोडला होता. तिकीट वाया.

खाणं. हा विषय आपल्या लोकांसाठी वेगळाच आहे. बेल्फ्रीच्या पायथ्याशी हिरव्या टपऱ्या आहेत फ्राईजच्या, वास सुटलेला असतो, बटाटाच तर आहे म्हणून सगळे शाकाहारी तिकडे धावतात. बेल्जियममध्ये फ्राईज पारंपरिकरीत्या गोमांसाच्या चरबीत तळतात. काही ठिकाणी तेलात तळतात, पण ते विचारल्याशिवाय कळणार नाही, म्हणून विचारा, प्रत्येक वेळी, प्रत्येक टपरीवर. आईला आम्ही सांगितलंच नव्हतं, ऐनवेळी मला आठवलं तेव्हा कागदी कोन तिच्या हातात होता. चॉकलेटांचं तसंच, आत दारू असलेली बरीच असतात, विचारून घ्या. वॉफल निर्धास्त खा, फक्त अंडं चालत नसेल तर तेही नाही. हॉटेलात बसलात तर साधं पाणीसुद्धा विकतचं, त्यामुळे बाटल्या भरून न्या आणि मी तर म्हणते दशम्या, चटणी, चिवडा घेऊन गावाच्या कडेला पवनचक्क्यांच्या बांधावर जाऊन बसा. चार पवनचक्क्या आहेत, एक 1770 ची अजून तिच्या जागेवरच, खाली कालवा, आणि टुरिस्ट जवळजवळ नाहीत. नवरेमंडळींना बिअरचा कारखाना बघायचा असतो, बघू दे, 2016 पासून तिथली बिअर रस्त्याखालून साधारण तीन किलोमीटर पाईपने बाटल्या भरायच्या कारखान्यात जाते, हे ऐकून आमचा एक माणूस आठवडाभर खूश होता. आतले जिने मात्र उभे आहेत.

सुट्टी नाणी. बाथरूमला पैसे लागतात, पन्नास सेंट ते एक युरो, आणि वीसची नोट दाखवून तिथे उभं राहण्यासारखी लाचारी नाही. मावशीच्या पर्समध्ये वेगळी, काकांच्या खिशात वेगळी. आणि स्वच्छ दिसलं की जाऊन या, लागली नसली तरी.

काकांसाठी एक गोष्ट राखून ठेवलीये. ते रोज सकाळी सव्वानऊला शेअर बाजार लावून बसतात. ब्रुजमध्ये तेर ब्यूर्झं नावाच्या कुटुंबाची खानावळ होती, परदेशी व्यापारी तिथे जमून सौदे करायचे, आणि युरोपभर बाजाराला जे बोर्स म्हणतात ते याच नावावरून आलं असं मानतात. त्या काळी जहाजं झ्विनच्या खाडीतून इकडे माल आणायची, मग पंधराव्या शतकात खाडी गाळाने भरत गेली, व्यापार अँटवर्पला गेला, गाव गरीब झालं. जुनं पाडून नवं बांधायला पैसेच उरले नाहीत म्हणून जुनं राहिलं, आणि आज आपण तेच बघायला तिकीट काढून जातो. 2000 साली युनेस्कोच्या यादीत आलं.

चर्च ऑफ अवर लेडी. मायकेलअँजेलोची संगमरवरी मूर्ती, आई आणि बाळ, त्याच्या हयातीत इटलीबाहेर गेलेल्या मोजक्या कामांपैकी एक. आधी फ्रेंचांनी पळवली, मग 1944 मध्ये जर्मनांनी, दोन्हीदा परत आली. चर्चमध्ये फुकट जाता येतं, मूर्तीच्या भागाला तिकीट. मूर्ती आपल्याला वाटते त्यापेक्षा लहान आहे आणि लांबून बघावी लागते, चष्मा घ्या. आई अजून म्हणते तेवढी एक राहिली.

बाकी म्युझियम एकच करा. दोन करू नका. लेस घ्यायची असेल तर हाताची की मशीनची ते विचारा, स्वस्त म्हणजे मशीनची. चॉकलेट सगळ्यात शेवटी घ्या, उन्हाळ्यात वितळतं आणि दिवसभर पिशवी वागवायची कोणी. चारनंतर बसच्या टोळ्या जातात, तेव्हा कालव्याकडेने एक चक्कर. मग स्टेशनला परतताना चालायचं नाही, बस. मुलाला बसमध्येच झोप लागते. गाडी अर्ध्या तासाला असते, पळापळ नको.

मावशीने काल फोनवर सांगितलं बॅग भरून झाली म्हणून. मोजे घेतले का विचारलं तर म्हणे तुझ्याकडे असतीलच ना.