पन्हळ धुवायची आकडी

मे संपत आला की पन्हळीत हात घालावाच लागतो. आंब्या-फणसाचा पातेरा, कौलांवरून सुटलेलं शेवाळ, वर धूळ. सगळं कुजून तळाला काळा चिखल बसतो. तो तसाच राहिला तर मृगाच्या पहिल्या सरीचं पाणी उभ्या पाइपात जातच नाही, काठावरून थेट पडवीच्या भिंतीवर उतरतं. शिडी लावून हाताने काढणं खात्रीचं, पण दर दोन हातांवर शिडी हलवायची आणि खाली शेवाळलेला चिरा. म्हणून ही आकडी: वर आकड्यासारखा वळलेला पाइप, जमिनीवर उभं राहूनच पन्हळीत पाण्याचा फवारा मारणारा.

हार्डवेअरच्या दुकानात सगळं पाऊण इंची मागा: १० फूट पीव्हीसी पाइप, दोन साधे एल्बो (काटकोनी जोड), एका तोंडाला आटे असलेला एक एल्बो, त्यात बसणारा एमटीए (बाहेरून आटे असलेला जोड), एंड कॅप, बॉल व्हॉल्व्ह, त्याला बसणारं नळीचं निपल आणि क्लिप. शिवाय सॉल्व्हंट सिमेंट (पाइप चिकटवायचं) आणि टेफ्लॉन टेप. एक इंची पाइप घेऊ नका. पाऊण इंचीतलं पाणीच जवळपास किलोभर भरतं, आणि हात वर करून ते पेलताना खांदे बोलायला लागतात.

आधी मापं. पन्हळीच्या काठाच्या उंचीतून तुमच्या कमरेची उंची वजा करा, त्यात एक फूट मिळवा. एवढा पाइप हॅक्सॉने कापा. उरलेल्यातून ५ इंचाचा एक आणि ४ इंचाचे दोन तुकडे काढा.

आता मुठीपासून वर: लांब पाइप, एल्बो, ५ इंची तुकडा, दुसरा एल्बो खाली तोंड करून, ४ इंची तुकडा, एमटीए. टेफ्लॉन गुंडाळून त्यावर आट्यांचा एल्बो फिरवा, त्याच्या मोकळ्या तोंडात शेवटचा तुकडा आणि एंड कॅप. कॅपला ३ मिलिमीटरची तीन भोकं पाडा. आट्यांच्या सांध्याला सिमेंट लावायचं नाही, म्हणजे फवारा डावीकडे वा उजवीकडे वळवता येतो. बाकीचे सांधे आधी कोरडे जोडून पन्हळीवर अडकवून बघा, पेनाने खुणा करा, मगच चिकटवा. सिमेंट क्षणात धरतं. वाकडा बसलेला एल्बो पुन्हा कापूनच निघतो.

खाली कमरेपाशी बॉल व्हॉल्व्ह, मग निपल, नळी, क्लिप.

इथे मी पहिल्यांदा फसलो. नळी गच्चीवरच्या टाकीच्या नळाला जोडली आणि कॅपमधून पाणी नुसतं ठिबकलं, तेही बाहीत. दोष आकडीचा नव्हता. पाण्याला दर १० मीटर उंचीमागे साधारण १ बार दाब मिळतो. टाकी पन्हळीपेक्षा जेमतेम मीटरभर वर असेल तर फवारा येणार कुठून? नळी विहिरीच्या पंपाच्या लाइनलाच जोडा. पंप चालू असताना व्हॉल्व्ह फार वेळ पूर्ण बंद ठेवू नका.

धुण्याआधी उभ्या पाइपाचं तोंड हाताने मोकळं करून घ्या. इथे एकदाच शिडी लागते. ते तुंबलेलं असेल तर सगळा चिखल तिथेच जाऊन बसेल. मग लांबच्या टोकापासून तोंडाकडे फवारा मारत या. विजेची सर्व्हिस वायर ज्या बाजूने घरात येते तिथे आकडी नेऊच नका. प्लास्टिक वीज नेत नसलं तरी त्यावरून ओघळणारं पाणी नेतं.

आकडी उन्हात टाकू नका, पाइप वाकतो. आमची पडवीच्या वाशांना आडवी बांधलेली असते, आंबे काढायच्या घळाशेजारी.