चार्ल्स फ्रान्सिस अ‍ॅडम्स यांच्यावर व्याख्यान कसे तयार करावे

नागपुरातील एखाद्या व्याख्यानमालेत अमेरिकी मुत्सद्दी चार्ल्स फ्रान्सिस अ‍ॅडम्स यांच्यावर बोलायचे असेल, तर आरंभ त्यांच्या जन्मापासून न करता कापसापासून करावा. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लिंकन सरकारने फुटून निघालेल्या दक्षिणेकडील राज्यांच्या बंदरांची नाकेबंदी केली आणि इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरण्या कापसाविना अडल्या. त्यामुळे वर्धा-हिंगणघाटच्या कापसाला विलायतेत भाव आला. मात्र १८६७ मध्ये नागपूरला पोहोचलेली रेल्वे आणि १८७७ मधील तिथली एम्प्रेस ही कापड गिरणी या युद्धाच्या खात्यावर मांडण्याचा मोह टाळावा, कारण युद्ध १८६५ मध्येच संपले होते.

घराण्याची ओळख दोन वाक्यांत आटोपावी. आजोबा जॉन अ‍ॅडम्स आणि वडील जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स हे दोघेही राष्ट्राध्यक्ष होते. १८०७ मध्ये बोस्टनला जन्मलेल्या चार्ल्स यांचे बालपण वडिलांच्या नेमणुकीमुळे सेंट पीटर्सबर्गला गेले. १८४८ मध्ये गुलामगिरीच्या विस्ताराला विरोध करणाऱ्या फ्री सॉइल पक्षाने त्यांना उपाध्यक्षपदाची उमेदवारी दिली, एवढा राजकीय तपशील पुरेसा आहे.

इंग्रजीत ‘मिनिस्टर’ म्हटल्या जाणाऱ्या, लंडनमधील त्यांच्या राजनैतिक पदासाठी ‘मंत्री’ हा शब्द वापरू नये. श्रोत्यांना तो मंत्रिमंडळातील वाटेल. अमेरिका त्या काळी पूर्ण दर्जाचे राजदूत नेमतच नव्हती. ती प्रथा १८९३ मध्ये सुरू झाली. भोसल्यांच्या दरबारी परिभाषेतला ‘वकील’ हा शब्द अर्थाने जवळचा आहे, परंतु आज तो ऐकून श्रोत्यांपुढे कोर्टच उभे राहील, म्हणून ‘अमेरिकेचे प्रतिनिधी’ म्हणावे.

निम्मा वेळ १८६१ ते १८६८ या काळासाठी राखून ठेवावा. अ‍ॅडम्स १३ मे १८६१ रोजी लंडनला पोहोचले, त्याच दिवशी ब्रिटनची तटस्थतेची घोषणा झाली. नोव्हेंबरात अमेरिकी नौदलाने ‘ट्रेंट’ या ब्रिटिश टपालबोटीवरून दक्षिणेचे दोन दूत उतरवून घेतले आणि युद्ध अगदी उंबरठ्यावर आले. ते दूत सोडून देण्यात आल्यावर प्रकरण निवळले.

खरी परीक्षा जहाजे बांधणाऱ्या ब्रिटिश लेअर्ड कंपनीच्या प्रकरणात लागते. याच कंपनीने बांधलेली ‘अलाबामा’ ही युद्धनौका जुलै १८६२ मध्ये निसटून दक्षिणेच्या हाती पडली होती, आणि पुढच्याच वर्षी तेथे दक्षिणेसाठी दोन चिलखती युद्धनौका बांधल्या जात होत्या. ५ सप्टेंबर १८६३ रोजी अ‍ॅडम्स यांनी परराष्ट्रमंत्री रसेल यांना लिहिले की, या नौका बाहेर पडू देण्याचा अर्थ युद्धच होतो, हे सांगण्याची गरज नाही. हे पत्र सभेत टाळ्या घेते. परंतु नौका रोखण्याचा निर्णय रसेल यांनी ते हाती पडण्यापूर्वीच घेतला होता. त्यामुळे टिपण करताना पत्राची आणि निर्णयाची तारीख शेजारीशेजारी लिहाव्यात आणि श्रेय एका पत्राला न देता दोन वर्षे संयमाने नोंदवलेल्या तक्रारींना द्यावे. माझ्या मते त्यांची थोरवी या कंटाळवाण्या चिकाटीतच आहे.

त्याच तक्रारींच्या आधारे पुढे ‘अलाबामा’सारख्या जहाजांनी केलेल्या नुकसानीच्या भरपाईचा दावा उभा राहिला. १८७२ च्या जिनिव्हा लवादात अ‍ॅडम्स अमेरिकेच्या वतीने पाच पंचांपैकी एक होते, आणि ब्रिटनने १ कोटी ५५ लाख डॉलर द्यावेत, असा निवाडा झाला. व्याख्यान येथेच थांबवावे; वडिलांच्या रोजनिशीचे त्यांनी संपादित केलेले १२ खंड आणि १८८६ मधील मृत्यू ही माहिती परिचयपत्रिकेत छापता येईल.